पाहा, विचारा, हात लावा, हात धुवा, मगच खा
(मुलांना जनावरांच्या भेटीला नेणाऱ्या सभासदांसाठी एक पाठ)



लागण, बेणे, खते, पाणी हे विषय या पानावर नेहमीच येतात. आजचा पाठ थोडा वेगळा आहे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आपण पोराबाळांना घेऊन एखाद्या कृषी पर्यटन केंद्रावर जातो. तिथे तिकीट काढले की मुलांना सशाच्या पाठीवरून हात फिरवायला मिळतो, करडाला पाला चारायला मिळतो, गाईची धार काढून बघायला मिळते. अशा भेटीत मुलांनी काय शिकावे आणि मोठ्यांनी काय सांभाळावे, एवढाच आजचा विषय.

"शेतकऱ्याच्या पोराला तिकीट काढून शेळी दाखवायची? अजब आहे!" असे कुणी म्हणेल. मीही असाच हसलो होतो. पण जरा आपल्याच घराकडे बघा. आपल्या लहानपणी दारात शेळी होती, गोठ्यात बैलजोडी होती, डालग्याखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या अड्ड्यावर बैलगाड्यांची रांग लागायची आणि शाळा सुटली की आपण पोरं बैल बघत हिंडायचो. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, ऊस बराचसा ट्रॉलीतून आणि ट्रकमधून येतो. बऱ्याच घरांतून बैल गेले, काही घरांतून गाईही गेल्या. मुलं सकाळी बसने तालुक्याच्या शाळेला जातात ती दिवस कलताना येतात. माझ्याच घरातली पुण्याला राहणारी नात गाईजवळ जायला भिते. तेव्हा तिकीट काढण्यात कमीपणा काही नाही. जे अंगणात मिळत होतं ते आता थोडं चालून जाऊन मिळवायचं, इतकंच.

राज्यात या धंद्याने चांगले मूळ धरले आहे. बारामतीजवळ २००५ च्या सुमारास सुरुवात झाली आणि २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. आपल्यातलेही काही सभासद असे केंद्र काढण्याच्या विचारात आहेत. म्हणून हा पाठ पाहुणा आणि यजमान अशा दोघांसाठी आहे.

माझ्याच घरची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरची आणि भावकीची मिळून नऊ पोरं जीपमध्ये घालून मी अशाच एका ठिकाणी नेली. जागेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी. झाडी छान, माणसं अगत्याची. पण शेळ्यांच्या कुडाला लागूनच जेवणाची शेड. हात धुवायला एकच नळ, तोही पार फाटकापाशी, आणि साबणाचा पत्ता नाही. पोरांनी करडांना पाला चारला, लेंड्यांत बसकण मारून फोटो काढून घेतले आणि "भेळ आली" अशी हाक ऐकल्यावर तशीच धावली. माझा धाकटा नातू चार वर्षांचा. त्याला अंगठा चोखायची सवय. करडाच्या अंगावरून हात फिरवायचा आणि अंगठा तोंडात घालायचा, असं त्याचं चाललेलं. मी शेजारीच बसून कौतुकानं बघत होतो.

चौथ्या दिवशी त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी जुलाबात रक्त दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं? पाणी कुठलं प्यायला?" आम्ही भेळेचं सांगितलं. करडांचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण गोठ्यात वाढलेल्या माणसाला जनावराला हात लावणं ही सांगण्याजोगी गोष्टच वाटत नाही. पुढं दोन दिवसांनी सूनबाईंनी ती गोष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं." त्यांनी रक्त तपासलं, पोराला लघवी किती होते ते लिहून ठेवायला लावलं. पाच दिवस पोर दवाखान्यात होतं. देवाच्या दयेनं खणखणीत होऊन घरी आलं.

दुखणं करडाकडून आलं की भेळेतून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या पाच रात्रींत डॉक्टरांना आणि आपल्या पशुवैद्यांना विचारून जे कळलं, ते आधी माहीत असतं तर मी कौतुक करत बसलो नसतो.

निरोगी जनावर म्हणजे निर्जंतुक जनावर नव्हे

आपला समज असा की जनावर खाते-पिते आहे, रवंथ करते आहे, अंगावर तकाकी आहे, म्हणजे त्याच्यापासून धोका नाही. इथेच गफलत होते. गाई, शेळ्या, मेंढ्या यांच्या आतड्यात 'ई. कोलाय ओ-१५७' नावाचा एक जंतू राहू शकतो. जनावराला त्याचा काहीच त्रास नसतो. शेणातून, लेंडीतून तो बाहेर पडतो आणि अंगाच्या केसांना, कुडाच्या लाकडाला, जमिनीवरच्या मातीला लागून राहतो. माणसाच्या पोटात त्याचे अगदी थोडे जंतू गेले तरी पुरतात. हा जंतू विष तयार करतो. त्याने रक्ताचे जुलाब होतात, आणि काही लहान मुलांत ते विष मूत्रपिंडावर घाला घालते.

ही काही कागदावरची भीती नव्हे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात गॉडस्टोन येथे मुलांना जनावरे हाताळू देणारे एक शेत होते. २००९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे गेलेल्यांपैकी व त्यांच्या सहवासातल्यांपैकी ९३ जणांना या जंतूची लागण झाली. त्यात बहुतेक दहा वर्षांखालची मुले होती. १७ जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि काहींचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागले. पुढे चौकशी समितीने २०१० साली अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट आपण गाठीला बांधून ठेवण्यासारखी आहे : नुसते हात धुण्यावर भिस्त ठेवू नका, मुळात मुलांचा शेणालेंडीशी संबंध येणार नाही अशी जागेची मांडणी करा. म्हणजे हात धुणे ही शेवटची फळी, पहिली नव्हे.

आणखीही काही दुखणी आहेत. कोंबडीच्या पिलांकडून व बदकांकडून हगवणीचे जंतू येतात, पिले दिसायला टुणटुणीत असली तरी. वासरांकडून गजकर्ण येते. वासरे व कोकरे यांच्याकडून जुलाबाचा आणखी एक सूक्ष्म परजीवी येतो, त्याला बाटलीतले हात चोळायचे औषध मारू शकत नाही. म्हणून हे नीट ध्यानात घ्या : खिशातली जेलची बाटली म्हणजे साबण-पाणी नव्हे. मळलेल्या हातावर ती तर फारच कमी काम करते.

एवढे वाचून कुणी पोरांना घरात कोंडू नये. रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून आपण मुलांना शाळेत पाठवायचे थांबत नाही, रस्ता ओलांडायला शिकवतो. इथेही तसेच. त्यासाठी पाच पायऱ्या सांगतो. त्या याच क्रमाने चढायच्या.

पहिली पायरी : पाहा

कुडाच्या आत पाऊल टाकण्याआधी दहा मिनिटे बाहेर उभे राहून बघायचे. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते. सशाला मागचेही दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. म्हणून त्याच्या तोंडासमोर एकदम बोट नेले तर तो दचकतो. गाईला बरोबर पाठीमागचे दिसत नाही. म्हणून तिच्याकडे बाजूने, आवाज देत जायचे. गाय नुसती मागे लाथ मारत नाही, पुढून बाजूला वळसा घालून मारते, हे आपल्याला ठाऊक आहे. शहरातल्या पाहुण्या पोराला ते ठाऊक नसते. त्याला सांगा.

दुसरी पायरी : विचारा

आधी मालकाला विचारायचे, मग जनावराला. जनावराला कसे विचारायचे? आपण जागेवर थांबायचे आणि ते आपणहून जवळ येते का ते बघायचे. आले तर त्याची परवानगी आहे. मागे सरले, कान पाडले, कोपऱ्यात दबून बसले, तर नाही. हा नकार मानायला मूल शिकले तर मला वाटते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. नुकतीच व्यायलेली गाय, अंड्यावर बसलेली कोंबडी, खाण्यात गुंतलेला कुत्रा यांच्या वाट्याला जायचे नाही.

तिसरी पायरी : हात लावा

बसून, एका हाताने, मानेवर किंवा पाठीवर. ससा कानाला धरून कधीच उचलू नये. त्याच्या मागच्या पायांना आधार नसला तर तो झटका देतो, आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. लहान मुलाने ससा उचलूच नये. मांडीवर फडकी घालून मोठ्या माणसाने तो ठेवावा. कोंबडीचे पिलू मुठीत आवळू नये. पाखराला आपल्यासारखे छाती-पोटामधले श्वासाचे पटल नसते. छातीचा पिंजरा हलला तरच त्याचा श्वास चालतो. प्रेमाने आवळलेले पिलू गुदमरून मरते, आणि मुलाला कळतही नाही.

चारायचे ते फक्त मालकाने दिलेले. घरून नेलेली बिस्किटे, चपाती, भात, गूळ शेळीपुढे टाकू नये. एका पोराने एक चपाती दिली तर काही होत नाही, पण दिवसात पन्नास पोरांनी दिली तर शेळीच्या पोटात आंबट होऊन ती लोळायला लागते. चारा पसरलेल्या तळव्यावर ठेवून द्यावा, बोटांत धरू नये.

चौथी पायरी : हात धुवा

कुडातून बाहेर आल्याबरोबर साबण आणि वाहते पाणी घेऊन निदान वीस सेकंद. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठा. आणि मोठ्या माणसाने समोर उभे राहून. "जा रे, हात धुऊन ये" असे खाटेवरून ओरडल्याने काही होत नाही. बुटांना, चपलांना लेंडी लागली असेल तर आधी ती धुवावी आणि मग पुन्हा हात. साबणाची एक वडी घरून बरोबर न्या. पाच-दहा रुपयांच्या वडीने माझे पाच दिवस वाचले असते.

पाचवी पायरी : मगच खा

कुडात खाणे नाही, पिणे नाही, चोखणे नाही. अंगठा चोखणाऱ्या आणि रांगणाऱ्या मुलाला मोठ्याने कडेवर घेऊनच जनावर दाखवावे. पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाया यांना जास्त जपावे. गरोदर बाईने व्यायला आलेल्या किंवा गाभडलेल्या शेळी-मेंढीजवळ जाऊच नये, जाराला हात लावू नये.

धारोष्ण दुधाविषयी

हे बोलणे काहींना रुचणार नाही. धारोष्ण दुधाची थोरवी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आणि कित्येक केंद्रांवर पाहुण्यांच्या मुलांच्या हातात कासंडीतला पेला कौतुकाने दिला जातो. पण कच्च्या दुधातून क्षयाचे, ओ-१५७ चे आणि सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसात येतात. हा शेवटचा रोग माणसात शिरला की ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात आणि महिनोन् महिने निदान होत नाही. दूध उकळले की हे तिन्ही जंतू मरतात. धार काढायला मुलाला जरूर द्या, पण पेला चुलीवरून उतरलेल्या दुधाचा द्या. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिने वयाच्या माद्यांना, म्हणजे कालवडींना आणि पारड्यांना, या गर्भपाताच्या रोगाची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. ती टोचली आहे का, हे आपल्या गोठ्यातही एकदा तपासा.

रोग दोन्ही वाटांनी चालतो

पाहुणा रोग घेऊन जातो तसा आणूनही सोडतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चपलांना, कपड्यांना, गाडीच्या चाकांना चिकटून गावोगाव फिरतो. आपल्या गोठ्यात जनावर आजारी असेल तर त्याच चपला घालून दुसऱ्याच्या केंद्रावर जाऊ नका. तिथून आल्यावरही पाय धुऊन, चपला बदलूनच आपल्या दावणीला जा. लम्पीचा आजार माणसाला होत नाही. पण ज्या गोठ्यात तो आहे तिथे पाहुणे नेण्यात शहाणपण नाही.

केंद्र काढू इच्छिणाऱ्या सभासदांना

पुढच्या गोष्टी आधी करा, पाटी मागाहून लावा.

१) जेवणाची जागा कुडापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि शेण-मुताचे पाणी वाहून येणार नाही अशी उंचावर असावी. कूड आणि जेवण यांच्या मध्ये नळ असावेत, म्हणजे हात धुतल्याशिवाय ताटापर्यंत वाटच नाही. चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या खाली निदान दोन नळ बसवावेत.

२) मुलांनी कुडात शिरून लेंड्यांत बसण्याऐवजी बाहेरून, आडव्या दांड्यांमधून हात घालून जनावराला हात लावावा. खालचा भाग फळीने बंद करावा. जमीन दिवसातून दोनदा तरी झाडावी.

३) प्रत्येक जनावराला लपायला, दूर जायला जागा द्या. ससा दिवसभर हातोहाती फिरवू नका. पाळी लावा, थोड्या वेळाने दुसरा काढा. सशाला घाम येत नाही, कानांतून तो अंगातली उष्णता सोडतो. कडक उन्हात त्याला पाहुण्यांपुढे आणूच नये. व्यायलेली, जुलाब लागलेली, नवीन आणलेली जनावरे पाहुण्यांपासून वेगळी ठेवा.

४) आपल्याकडचा हिरवा पोपट, मोर, रानससा, अंगावर चांदण्या असलेले कासव हे प्राणी ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते ठेवणे गुन्हा आहे. आणि त्यांची गरजही नाही. खिलार गाय, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी, दख्खनी मेंढी, गावठी कोंबडी एवढी मंडळी असली की शहरातल्या मुलाला दिवस पुरत नाही.

दुखणे आलेच तर

भेटीनंतर दहा-बारा दिवसांत मुलाला जुलाब झाले, विशेषतः रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा आणि पहिलेच वाक्य हे सांगा : "अमुक दिवशी याने जनावरांना हात लावला होता." जुलाब थांबवायच्या गोळ्या किंवा दुकानातले औषध आपल्या मनाने देऊ नका. या दुखण्यात त्याने अपाय होऊ शकतो. लघवी कमी झाली, चेहरा पांढराफटक पडला किंवा सुजला, मूल गळून झोपाळले, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

कुत्रा, मांजर किंवा कोणतेही जनावर चावले वा ओरखडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट भरत बसू नका. रेबीजच्या लशीच्या डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळा. एकही चुकवू नका.

मुलांसाठी प्रश्न

जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या. उत्तरे जनावरापाशी उभे राहून शोधायची, आणि मालकाला विचारून पडताळायची.

१) शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत का? (नाहीत. तिथे कठीण हिरडी असते. गाय-म्हैस-मेंढीचेही तसेच.)

२) कोंबडी हातात घेतल्यावर ऊबदार का लागते? (तिच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.)

३) कोण किती दिवस पोटात पिलू वागवते? (ससा सुमारे एक महिना, शेळी पाच महिने, गाय नऊ महिन्यांहून थोडे जास्त, म्हैस दहा महिने. अंड्यातून पिलू २१ दिवसांनी येते.)

४) गाय एकदा गिळलेला चारा पुन्हा तोंडात का आणते? तिच्या गळ्याकडे नीट बघा, घास वर येताना दिसतो.

५) आज कोणत्या जनावराने तुला "नको" म्हटले, आणि ते तुला कसे कळले?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत छापील नाही. ते प्रत्येक पोराचे वेगळे येईल.

या दिवाळीला पुन्हा जायचं ठरलं आहे. नातू आता पाच वर्षांचा झाला. परवा आमच्याच गोठ्यात त्याने वासराच्या पाठीवर हात फिरवला, आणि कुणी न सांगता हौदाकडे निघाला. वाटेत वळून मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण शेण काढलंय. चला." गेलो मुकाट्यानं.